पाचवा आणि बारावा

अमेरिकन बेसबॉलच्या नॅशनल लीगमध्ये १२ संघ होते तेव्हाचे १८९८ आणि १८९९चे गुणतक्ते शेजारीशेजारी ठेवावेत. पहिल्यात क्लीव्हलँड स्पायडर्स पाचवा: ८१ विजय, ६८ पराभव. सेंट लुइस बारावा: ३९ आणि १११. दुसऱ्यात सेंट लुइस पाचवा, क्लीव्हलँड बारावा. इतकी चोख अदलाबदल मैदानावरच्या नशिबाने होत नाही.

उलगडा मालकीत आहे. ट्रामच्या धंद्यातला फ्रँक रॉबिसन आणि त्याचा भाऊ स्टॅन्ली यांच्याकडे क्लीव्हलँड होतंच; १८९९मध्ये सेंट लुइसही आलं. त्या काळी नियमाने याला मनाई नव्हती. क्लीव्हलँडमध्ये प्रेक्षक कमी, म्हणून माल तिकडे हलवला: पिचर साय यंग, बॅटर जेसी बर्केट, बॉबी वॉलेस, खुद्द मॅनेजर पॅट्सी टेबो. मोबदल्यात आलेल्या लेव्ह क्रॉसला मॅनेजर केलं. त्याचे ८ विजय, ३० पराभव होताच त्यालाही सेंट लुइसने परत बोलावून घेतलं. पुढची धुरा जो क्विनकडे. ऑस्ट्रेलियात जन्मलेला हा गृहस्थ एरवी अंत्यसंस्कारांच्या व्यवसायात होता. विनोद मी केलेला नाही, योगायोगाने केला. त्याच्या खाती १२ विजय आणि १०४ पराभव.

एकूण २० आणि १३४. पण माझ्या मते खरा पुरावा हा आकडा नाही. १५४ सामन्यांपैकी घरच्या मैदानावर ४२च झाले, परगावी ११२. घरच्या ४२ सामन्यांना मिळून ६,०८८ माणसं, म्हणजे सामन्याला सरासरी १४५. तिकिटांच्या वाट्यातून पाहुण्या संघाचा प्रवासखर्चही सुटेना, म्हणून कुणी क्लीव्हलँडला यायला तयार नव्हतं. मग स्पायडर्सच गावोगाव फिरले आणि परगावी १०१ सामने हरले. मोसमात सलग २४ पराभवांची एक रांगही लागली. केवळ खेळाडू वाईट म्हणून हे घडलं, असं म्हणणं अर्धसत्य. पिचर जिम ह्यूईच्या नावावर ३० पराभव आहेत, पण पराभव लागायला आधी माणसाला पुन्हापुन्हा उभं करावं लागतं.

शेवटचा सामना सिनसिनाटीला, १९ विरुद्ध ३. पिचर एडी कोल्ब, सिगारच्या दुकानातला नोकर. त्याला संधी का मिळाली याच्या गमतीदार कथा सांगतात. धावफलकात मात्र त्याच्या नावापुढे दिलेले १९ रन आहेत.

१९००मध्ये लीगने चार संघ वगळले. त्यात क्लीव्हलँड होतं.