नकाशा नुसता भरू नका, वाचा : विद्यार्थ्यांसाठी प्रमाण, रेखावृत्त आणि समोच्च रेषांची ओळख

बेळगाव : नकाशा भरण्याचा सराव शाळेत सगळेच करतात. नदी, शहर, डोंगर योग्य जागी दाखवले की गुण मिळतात. नकाशा वाचणे मात्र वेगळे. खानापूर तालुक्यातून गोव्याकडे जाणाऱ्या म्हादईच्या पाण्याचा वाद बातम्यांत सतत असतो. तो समजून घ्यायलाही नकाशावाचनाच्या मोजक्या गोष्टी पुरतात.

प्रमाण

नकाशावरील अंतर आणि जमिनीवरील अंतर यांचे नाते म्हणजे प्रमाण. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० या नकाशात २ सेंमी म्हणजे १ किमी. बेळगाव ते खानापूर हे सुमारे २६ किमी अंतर त्यावर ५२ सेंमी भरेल. १:१०,००,००० च्या नकाशात तेच २.६ सेंमी होईल. इथेच मुले फसतात. आकडा मोठा म्हणजे प्रमाण मोठे नव्हे, उलट लहान. मोठ्या प्रमाणाच्या नकाशात प्रदेश थोडा मावतो, पण बारकावे जास्त दिसतात.

रस्ता वळणाचा असेल तर पट्टी कामाची नाही. दोरा रस्त्यावर वळणावळणाने ठेवायचा, मग सरळ करून मोजायचा.

आणखी एक खबरदारी. झेरॉक्स काढताना किंवा मोबाईलवर नकाशा लहान-मोठा झाला की छापलेले अंकप्रमाण चुकते. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच लहान-मोठे होते, म्हणून ते बरोबर राहते.

दिशा आणि रंग

वरची बाजू बहुधा उत्तर असते, तरी बाण पाहूनच खात्री करावी. त्यानंतर सूची वाचावी. भूपत्रकावर पाणी निळे, जंगल हिरवे, शेती पिवळी, वस्ती लाल आणि उंचीच्या रेषा तपकिरी असतात.

रेखावृत्त आणि घड्याळ

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. भारताची प्रमाणवेळ ८२° ३०' पूर्व रेखावृत्तावरून ठरते. बेळगाव साधारण ७४° ३०' पूर्वेवर आहे. फरक ८ अंशांचा, म्हणजे ३२ मिनिटांचा. त्यामुळे बेळगावात खरी मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३२ मिनिटांनी होते. हैदराबाद साधारण ७८° ३०' वर असल्याने तिथे ती १६ मिनिटे आधी होते. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच.

समोच्च रेषा आणि म्हादई

समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा. १:५०,००० च्या नकाशात दोन रेषांमध्ये साधारणपणे २० मीटर उंचीचा फरक असतो. रेषा दाट असतील तर चढ तीव्र, विरळ असतील तर उतार सौम्य. ओढा ओलांडताना या रेषा इंग्रजी 'व्ही'सारख्या वळतात आणि त्या 'व्ही'चे टोक उगमाकडे असते. म्हणून पाणी कुठून कुठे वाहते हे बाणाशिवायही कळते.

आता कणकुंबी परिसर पाहा. मलप्रभा इथे उगम पावते, पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात पोहोचते. याच भागातला कळसा नाला मात्र पश्चिमेला उतरून म्हादईला मिळतो. म्हादई गोव्यात मांडवी या नावाने अरबी समुद्राला मिळते. या दोन उतारांमधली उंचवट्याची रेषा म्हणजे जलविभाजक.

कळसा-भांडुरा योजना म्हादई खोऱ्यातले पाणी हा जलविभाजक ओलांडून मलप्रभेत नेण्याची आहे. कर्नाटकाला मलप्रभा खोऱ्यासाठी पाणी हवे आहे. खोऱ्याबाहेर पाणी नेण्याला गोव्याचा विरोध आहे. राज्याची सीमा माणसांनी आखली, जलविभाजक जमिनीच्या उताराने ठरला. खानापूर तालुक्यात या दोन रेषा जुळत नाहीत आणि वादाचे मूळ तिथेच आहे.

करून पाहा

खानापूर भागाचे भूपत्रक मिळवून पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे जाणारे ओढे वेगवेगळ्या रंगांनी गिरवा. दोन्ही रंगांच्या मधून, एकही ओढा न ओलांडता, पेन्सिलने रेषा काढा. तीच जलविभाजक रेषा. मग त्याच कागदावर राज्याची सीमा शोधा आणि दोन्हींमधले अंतर दोऱ्याने मोजा.