अडीच गुंठे आणि सहा कोंबड्या

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास आपण वर्गात शिकवतो तेव्हा फळ्यावर लढाया, तह आणि सनावळ्या येतात. त्या सहा वर्षांत साधी माणसे रोज काय खात होती आणि ते कोठून येत होते, हा प्रश्न सहसा मागे राहतो. ब्रिटनपुरते बोलायचे तर या प्रश्नाचा माग घेत आपण घरामागच्या एका लहानशा तुकड्यापाशी येतो. तेथे बटाटा-कोबीचे वाफे आहेत, कोपऱ्यात जाळीचे खुराडे आहे आणि त्यात पाच-सहा कोंबड्या आहेत. या परसानेच ब्रिटनला जगवले, अशी एक समजूत आहे. ती कितपत खरी आहे आणि परसातल्या कोंबडीचे खरे काम कोणते, हे पाहण्यासाठी थोडा इतिहास आणि थोडे अंकगणित पुरेसे आहे.

बोटींवर जगणारा देश

युद्धापूर्वी ब्रिटन वर्षाला सुमारे २ कोटी टन अन्न बोटींनी आणत असे. धान्य, साखर, चीज आणि फळे यांचा मोठा भाग परदेशातून येई. याखेरीज गाई, डुकरे व कोंबड्यांचे खाद्यही लाखो टन येत असे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि जर्मन पाणबुड्यांनी मालवाहू बोटींना लक्ष्य केले. पुढे अन्नाची आयात जवळजवळ निम्म्यावर आली.

ऑक्टोबर १९३९ मध्ये कृषिमंत्री रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ यांनी भाजीपाल्यासाठी आणखी ५ लाख भूखंडांची गरज जाहीर केली. या मोहिमेला पुढे ‘डिग फॉर व्हिक्टरी’, म्हणजे ‘विजयासाठी खणा’ हे नाव पडले. मैदाने, बागा, रेल्वेरुळांच्या कडेच्या पट्ट्या अशा जागा खणल्या गेल्या. युद्धाच्या आरंभी सुमारे ८ लाख भूखंड होते. १९४३ पर्यंत ते १४ लाखांच्या आसपास गेले.

हे भूखंड म्हणजे ‘अलॉटमेंट’. त्यांचा इतिहास जुना आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील गावांची सामाईक कुरणे व पडीक जमिनी कुंपणे घालून खाजगी झाल्या. गाय चारण्याची, सरपण गोळा करण्याची गरिबांची जागा गेली. त्याची अल्पशी भरपाई म्हणून मजुरांना भाड्याने लहान तुकडे देण्याची पद्धत पडली आणि १९०८ च्या कायद्याने अशी मागणी पुरवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. प्रमाण तुकडा १० चौरस रॉडचा. एक एकरात असे १६० रॉड असतात, म्हणून हा तुकडा एकराचा सोळावा भाग होतो. आपला गुंठा एकराचा चाळिसावा भाग. म्हणजे हा तुकडा बरोबर अडीच गुंठ्यांचा.

परसातला दिवस

सरकारच्या पहिल्याच पत्रकात सुमारे ९० फूट लांब व ३० फूट रुंद तुकड्याचा नकाशा होता. त्याचे भाग पाडून बटाटे, कोबीवर्गीय भाज्या आणि वाटाणा-घेवड्यासारखी शेंगांची पिके आळीपाळीने घ्यावीत, असे त्यात सांगितले होते. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नायट्रोजन बांधून ठेवतात. त्याचा फायदा पुढच्या कोबीला होतो. शिवाय कोबीच्या मुळांना होणारा रोग जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहतो, त्यामुळे जागा बदलणे भागच असते. बाहेरून येणारे पोटॅशचे खत दुर्मीळ झाले होते, म्हणून लाकडाची राख जपून वाफ्यांत टाकली जाई.

कांद्याची गोष्ट आपल्याकडच्या वाचकांना जवळची वाटेल. ब्रिटनचा बराचसा कांदा फ्रान्सचा ब्रिटनी किनारा आणि चॅनेल बेटे येथून येत असे. १९४० च्या उन्हाळ्यात हे दोन्ही प्रदेश जर्मनांच्या हाती गेले आणि बाजारातून कांदा नाहीसा झाला. कचेऱ्यांमधल्या सोडतींत कांदा बक्षीस म्हणून ठेवला जाऊ लागला. त्यामुळे पुढच्या हंगामात परसातील वाफ्यांत कांद्याला मानाची जागा मिळाली.

बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावातील नेला लास्ट या गृहिणीची युद्धकाळातील रोजनिशी १९८१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. घरामागच्या हिरवळीच्या अर्ध्या भागात कोंबड्या आणि उरलेल्या अर्ध्या भागात बटाटे, हा बेत तिने युद्धाच्या सुरुवातीलाच आखला होता. अशा घरात सकाळचे पहिले काम म्हणजे कोंबड्यांचा घास शिजवणे. बटाट्याची साले, कोबीची बाहेरची पाने, ताटात उरलेले, पावाचे वाळके तुकडे हे सारे उकळून कुस्करायचे, त्यात थोडी भरड कालवायची आणि कोमट असतानाच घालायचे. अंड्याची रिकामी टरफले भाजून, बारीक करून त्यातच टाकायची. एका टरफलात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते आणि कोंबडीला ते पुढच्या अंड्यासाठी परत हवे असते. खुराड्यातली विष्ठा ताजी घातली तर रोपे करपवते. म्हणून ती पालापाचोळ्यात मुरवून मगच वाफ्यांत जाई.

हिवाळ्यात अंडी जवळजवळ बंद होत. कोंबडीचे अंडे घालणे उजेडाच्या तासांवर अवलंबून असते आणि चांगल्या उत्पादनासाठी दिवसाला १४ तासांच्या आसपास उजेड लागतो. मुंबईत वर्षातील सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो. लंडनमध्ये तो ८ तासांहून कमी असतो. म्हणून वसंतातील जादा अंडी हिवाळ्यासाठी राखावी लागत. त्यासाठी वॉटर ग्लास, म्हणजे सोडियम सिलिकेटचे पाण्यातील द्रावण वापरत. अंड्याच्या टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. हे द्रावण ती बुजवते, त्यामुळे जंतू आत जात नाहीत आणि आतले पाणी उडत नाही. बादलीत बुडवून ठेवलेली अंडी कित्येक महिने टिकत.

अंड्याच्या बदल्यात भरड

जानेवारी १९४० मध्ये लोणी, साखर आणि बेकन यांचे रेशनिंग सुरू झाले. जून १९४१ मध्ये अंडी नियंत्रणाखाली आली. माणशी आठवड्याला एक अंडे मिळायचे, तेही उपलब्ध असेल तर. १९४२ पासून अमेरिकेतून अंड्याची भुकटी येऊ लागली. एका पाकिटात बारा अंड्यांइतकी भुकटी असे.

ज्यांच्या घरी कोंबड्या होत्या त्यांच्यासाठी वेगळी सोय होती. दुकानातील अंड्यावरचा आपला हक्क त्यांनी सोडून द्यायचा आणि त्या बदल्यात कोंबड्यांसाठी ‘बॅलन्सर मील’ नावाची भरड घ्यायची. नावाप्रमाणे ही भरड घासाचा समतोल साधत असे. बटाट्याच्या सालींत मुख्यतः पाणी आणि पिष्ट असते. अंडे तयार करायला प्रथिने लागतात, ती भरडीतून मिळत. शेजारचे एखादे कुटुंबही आपला हक्क आणि घरातली साले कोंबडीवाल्याला देई आणि मोबदल्यात अंडी घेई. भाडेकरारात कोंबड्या पाळण्यास मनाई असली, तरी युद्धकाळातील नियमाने ती अट बाजूला ठेवली होती.

एका अंड्याचा हिशेब

एकीकडे घरोघरी कोंबड्या पाळायला उत्तेजन मिळत होते आणि दुसरीकडे मोठ्या शेतांवरील कोंबड्या सरकार कमी करत होते. १९३९ मध्ये देशात सुमारे ७ कोटी ४० लाख कोंबड्या होत्या. १९४३ मध्ये त्या ५ कोटींच्या आसपास उरल्या. डुकरे निम्म्याहून कमी झाली. वरवर पाहता ही धोरणे परस्परविरोधी वाटतात. यामागचे कारण विद्यार्थ्यांना फळ्यावर मांडून दाखवता येते.

अंड्यावरची कोंबडी दिवसाला सुमारे ११५ ग्रॅम दाणा खाते. वर्षाला ४२ किलो झाले. एक किलो धान्यात सुमारे ३३०० किलोकॅलरी धरल्या, तर या दाण्यात १ लाख ४० हजारांच्या आसपास किलोकॅलरी असतात. रोज २५०० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसाला त्या ५५ दिवस पुरतील. आता अंडी. वर्षाला १५० अंडी धरू. एका अंड्यात सुमारे ७५ किलोकॅलरी, म्हणजे एकूण ११,२५०. त्या माणसाला त्या साडेचार दिवस पुरतील. दाण्यातल्या ऊर्जेपैकी फार तर बारावा हिस्सा अंड्यात उतरतो. प्रथिनांची स्थिती जरा बरी आहे. त्यांतील सुमारे पाचवा हिस्सा परत मिळतो.

याचा अर्थ असा की जी कोंबडी माणसाने खाण्याजोगा दाणा खाते, ती टंचाईच्या काळात माणसाची प्रतिस्पर्धी होते. बोटीतून येणारा प्रत्येक टन मोलाचा असताना असा दाणा तिला घालणे परवडणारे नव्हते. सालींवर आणि उष्ट्यावर जगणाऱ्या कोंबडीचा हिशेब निराळा आहे. माणसाच्या उपयोगाचे नसलेले पदार्थ ती उत्तम प्रथिने, अ आणि ड जीवनसत्त्वे आणि वनस्पतींत न मिळणारे ब-१२ यांत बदलते. तिच्या वाट्याची भरडसुद्धा सोडलेल्या अंड्याच्या बदल्यात मोजून मिळत होती. मोठी खुराडी रिकामी करणे आणि परसातली खुराडी भरणे, या दोन्ही गोष्टी एकाच हिशेबाच्या दोन बाजू होत्या.

पोट कशावर भरले?

आता समजुतीकडे येऊ. ब्रिटनचे पोट परसाने भरले नाही. ते मुख्यतः पाव आणि बटाटा यांवर भरले. केंब्रिज येथील रॉबर्ट मॅकॅन्स आणि एल्सी विडोसन यांनी १९३९-४० मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह स्वतःवरच प्रयोग केला. मांस, दूध, अंडी अगदी मोजकी आणि पाव, बटाटे, भाजी हवी तेवढी, असा आहार त्यांनी काही महिने घेतला. नंतर ऐन हिवाळ्यात डोंगर चढून आपली ताकद तपासली. प्रकृती उत्तम राहिली. उणीव दिसली ती कॅल्शियमची, कारण कोंड्यातील फायटेटमुळे ते नीट शोषले जात नव्हते. पुढे पावाच्या पिठात खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट मिसळू लागले, त्यामागे हे संशोधन होते.

युद्धकाळात पावावर रेशन नव्हते, बटाट्यावरही नव्हते. ही पायाभरणी मोठ्या शेतांनी आणि बोटींनी केली. संत्री दिसेनाशी झाली होती, तेव्हा क जीवनसत्त्व पुरवणारा कोबी आणि आठवड्याच्या एका अंड्यावरची दोन-तीन जादा अंडी ही परसाने त्यावर घातलेली भर. भर मोलाची होती, पण पाया नसता तर ती कामाची नव्हती.

याचा पुरावा त्याच साम्राज्यात, आपल्याच देशात आहे. ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम त्याच काळात भारतातही सुरू झाली होती. मुंबई शहरात मे १९४३ मध्ये धान्याचे रेशनिंग सुरू झाले. बंगालच्या खेड्यांत मात्र असे काही नव्हते. तांदळाचे भाव मजुरांच्या आवाक्याबाहेर गेले आणि १९४३ च्या दुष्काळात व त्यामागून आलेल्या साथींत २० ते ३० लाख माणसे मेली. बंगाली खेड्यात परस होते, भाजी होती, कोंबड्या-बदकेही होती. भुकेल्या घरांनी ती आधी विकली. ज्याला धान्याची शाश्वती नाही, त्याला परस वाचवू शकत नाही.

पुढे काय झाले?

ब्रिटनमध्ये १९५० च्या कायद्याने भूखंडावर घरापुरत्या कोंबड्या आणि ससे पाळण्याचा हक्क शांततेच्या काळातही कायम केला. १९५३ मध्ये अंड्यांवरील नियंत्रण उठले. स्वस्त दाणा पुन्हा येऊ लागला आणि अंडी पिंजऱ्यांच्या मोठ्या कारखान्यांकडे गेली. २००१ मध्ये लाळ्या-खुरकूत रोगाची मोठी साथ आली. तिचा उगम नीट न उकळलेल्या उष्ट्यात असावा, असे तपासात दिसले. आज तेथे सर्वसाधारण घरातील स्वयंपाकघराचे उष्टे कोंबड्यांना घालणे बेकायदा आहे. बर्ड फ्लूमुळे ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये परसात एक कोंबडी असली तरी तिची नोंद करावी लागते. आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे फेब्रुवारी २००६ मध्ये हा रोग भारतात प्रथम आढळला, तेव्हा मोठ्या शेडबरोबर परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या. १९४२ साली जे काम देशभक्तीचे मानले जात होते, तेच आज गुन्हा ठरू शकते. दोन्ही नियमांमागे त्या त्या वेळच्या धोक्याचा विचार आहे.

ज्या शाळांत परसबाग आहे, तेथे वर दिलेला हिशेब विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा. पोषण आहाराच्या स्वयंपाकात रोज किती साले, देठ आणि पाने निघतात ते आठवडाभर वजन करून लिहावे. त्यातले किती खतात जाते, किती एखाद्या घरच्या कोंबडीच्या पोटात जाऊ शकते आणि किती नुसते फेकले जाते, याचा तक्ता करावा. गावातील कोंबड्या दाण्यावर जगतात की वेचून खातात, हेही मुलांनी घरोघरी विचारावे. बहुतेक ठिकाणी उत्तर घरातली आजी देईल, आणि तिचा हिशेब पाठ्यपुस्तकापेक्षा पक्का असेल.