तलवारीची शिकल आणि मोटारीची पट्टी

सातारा आणि सांगली हे आज दोन स्वतंत्र जिल्हे असले, तरी संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली जी नवी वाटणी झाली तीत सांगलीकडील मुलखास ‘दक्षिण सातारा’ हेच नाव मिळाले होते, आणि ‘सांगली’ हे नाव त्यास १९६० साली लाभले. कृष्णेच्या काठाने वाईपासून मिरजेपर्यंत उतरत गेलेल्या या एकाच पट्ट्यात ‘शिकलगार’ हे आडनाव गावोगाव ऐकू येते. ते धारण करणारा गृहस्थ आज शाळेत मास्तर असेल, बँकेत कारकून असेल अथवा बाजारपेठेत दुकान मांडून बसला असेल. पण आडनाव मात्र त्याच्या पूर्वजांचा हुन्नर सांगत राहते. ‘सैकल’ म्हणजे धातूस घासून आणलेली झिलई आणि ती आणणारा तो सैकलगार. अरबी-फारसीतून फौजांबरोबर दक्षिणेत उतरलेला हा शब्द मराठीने आपल्या वळणाने ‘शिकलगार’ असा करून घेतला.

शिलेखान्यातील पोलाद मोठ्या नाजूक प्रकृतीचे. ज्या तलवारीने म्यानात पावसाळा काढला तिच्यावर, विशेषतः साताऱ्यासारख्या सह्याद्रीच्या कुशीतील गावी, गंज चढल्यावाचून राहत नसे. म्हणून तलवारी, कट्यारी, भाल्यांची पाती घासून, उजळून, तेलाचा हात फिरवून पुन्हा जागी ठेवणारा माणूस संस्थानाच्या पदरी लागेच. त्याचे मुख्य साधन म्हणजे कुरुंदाची पूड लाखेत घोटून केलेले चाक. एकाने दोरीच्या हिसक्यांनी ते फिरवावे आणि दुसऱ्याने त्यावर पाते धरावे, अशी ती जोडीची मेहनत होती. येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी वाटते. कुरुंद हा शब्द अस्सल दक्षिणेकडचा. तमिळ मुखातून तो इंग्रजीत गेला आणि जगभर रूढ झाला. आज गॅरेजात जे पॉलिश पेपर लागतात त्यांतील पुष्कळांवरील अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण रसायनशास्त्राच्या दृष्टीने तोच कुरुंद होय.

साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले, शिबंद्या मोडल्या, आणि पुढे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने पात्यांची उरलीसुरली मागणीही आटली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेच्या फरीदसाहेब शिकलगारांनी तंबोरे-सतारी घडविण्यास आरंभ केला आणि त्या घराण्याच्या हातांनी मिरजेचे नाव संगीताच्या दुनियेत अजरामर केले, ती कथा महाराष्ट्रास ठाऊक आहे. ज्यांनी चाक सोडले नाही त्यांच्या वाट्यास विळ्या, कात्र्या आणि अडकित्ते आले. एवढ्या सूक्ष्म विद्येस विळीची धार पुरेशी कशी व्हावी, हा विचार मनास खिन्न करतो.

परंतु ज्या पोलादाने पुढे या विद्येस नवे क्षेत्र दिले तेही हत्यारांच्याच चिंतेतून जन्मले. १९१३ साली इंग्लंडातील शेफिल्ड येथे हॅरी ब्रेअर्ली हा धातुशास्त्रज्ञ बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम मिसळून पाहत होता. शेकडा सुमारे तेरा भाग क्रोमियम घातलेले त्याचे पोलाद गंजेना; हेच आपले स्टेनलेस स्टील. शेफिल्ड हे पिढीजात चाकू-सुऱ्यांचे शहर, तेव्हा नवा धातू प्रथम सुऱ्यांस लागला आणि तेथून मोटारीस. १९३० सालच्या फोर्डच्या मॉडेल ए गाडीचे रेडिएटरचे कवच आणि दिव्यांची टोपणे या पोलादाची होती.

मोटारीवरील चकाकीच्या दोन जाती आहेत, आणि त्यांतील भेद आपल्या जुन्या शब्दांइतका नेमका मला कोठे आढळला नाही. एक मुलामा, दुसरी शिकल. बंपरवरील क्रोम हा मुलामा. खाली निकेल आणि वर क्रोमियमचा थर, तोही बहुधा केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहून पातळ. तो एकदा फुटला की कितीही घासा, घासण्याने तो अधिकच उडतो. कल्हईचेही तेच, कथील उडाले की कल्हईवाल्याची वाट पाहणे आले. मोटारीच्या अंगावरील स्टेनलेसची शोभेची पट्टी मात्र आरपार एकच धातू आहे. तिची चमक वरून चढवावी लागत नाही, आतून काढावी लागते, आणि वरचा ओरखडा घासून काढला तर खाली तोच धातू तितकाच शुद्ध उभा असतो. हवेतील प्राणवायूशी क्रोमियमचा संयोग होऊन जी अदृश्य त्वचा तयार होते ती घासताना गेली तरी आपोआप पुन्हा येते. तलवारीस जे तेल शिकलगार लावी, ते या पोलादाच्या अंगातच आहे म्हणा ना!

सांगली-मिरज रस्त्यालगतच्या एका लहानशा कारखान्यात एका शौकिनाने नव्याने बांधून घेतलेल्या जुन्या मोटारीच्या दाराची पट्टी उजळताना मी पाहिली. कारागिराने प्रथम ती उलटी करून पोचे शोधले. डोळ्याने नव्हे, बोटाच्या अग्राने. पाठीमागून लहान हातोडीने एकेक पोचा उचलून वरचे उंचवटे बारीक कानशीने सपाट केले आणि मग पॉलिश पेपर घेतला: आधी ३२० चा, मग ४००, ६००, शेवटी १०००. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा तो आडवी-उभी बदलीत होता, कारण आधीचे आडवे ओरखडे नव्या उभ्या ओरखड्यांत बुडाले की तेवढी पायरी संपली हे निःसंशय कळते. जो ही पायरी गाळतो त्याचा ओरखडा शेवटच्या चकाकीत अधिकच उठून दिसतो. नंतर बफ आला: पहिल्याने ताठ धाग्यांचे चाक आणि काळा साबण, मग मऊ सुती चाक आणि क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा साबण. हे पोलाद उष्णता लवकर पसरू देत नाही. एके जागी चाक रेंगाळले तर पट्टी निळी पडते, वाकतेही, म्हणून हात अखंड सरकता हवा. आणि कडेपाशी चाकाने पट्टीवरून बाहेर जावे, बाहेरून कडेवर कधी येऊ नये. आले की चाक ती हिसकावून नेते. “कड सोडायची, धरायची नाही,” एवढेच तो म्हणाला.

राखण्याची पथ्ये थोडी, पण घरच्या सवयीच्या उलट आहेत. पितळेस चिंच-मीठ लावून उजळण्याचे आपल्या हाताला इतके वळण पडलेले आहे की पोरे हौसेने मोटारीच्या पट्टीलाही तेच लावतात. परंतु मिठातील क्लोराइड ती अदृश्य त्वचा भेदून धातूस सुईच्या टोकाएवढी भोके पाडते. साध्या पोलादाचा तारेचा चोथाही वर्ज्य, कारण त्याचे कण पट्टीत रुतून गंजतात आणि आळ निर्दोष पट्टीवर येतो. पट्टीखालच्या लोखंडी क्लिपांचेही तसेच. कोयनेकडील पावसातून अथवा कृष्णेच्या पुरातून निघालेल्या गाडीच्या क्लिपांमागे चिखल ओल धरून बसतो आणि गंजाचे ओघळ रंगावर उतरतात. तेव्हा पट्टी सोडवून मागील बाजू धुवावी, कोरडी करावी, गंजक्या क्लिपा बदलाव्या. पुढच्या बाजूस सौम्य साबणाचे पाणी आणि वर्षातून दोनदा मेण पुरते.

साताऱ्यात विजयादशमीस जलमंदिर या राजवाड्यातून भवानी तलवारीची मिरवणूक निघते. त्याच सुमारास, खंडेनवमीला, त्या लहानशा कारखान्यातील बफचे यंत्र बंद असते. त्याच्या दोन्ही चाकांवरील साबणाचा काळा-हिरवा थर खरवडून काढलेला असतो, कण्यास हळदकुंकू लागलेले असते, शेजारी हातोडी, कानशी आणि न वापरलेल्या पॉलिश पेपरांची चवड मांडलेली असते. आणि आवारात उभ्या असलेल्या त्या मोटारीच्या पट्टीत समोरच्या झेंडूच्या माळेचे एकेक फूल मोजता येते.