वाकवलेल्या पत्र्याचा इतिहास
जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याचा इतिहास गंजाविरुद्धची लढाई म्हणून सांगतात. ते अर्धंच खरं. १८३७ मध्ये फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेल यांनी लोखंडावर जस्त चढवण्याचं पेटंट घेतलं, तेव्हाच गंजावर उपाय सापडला होता. पुढे कारागिरांना छळलं ते वाकवण्यानं. सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवलं की दोन्ही धातूंच्या संयुगांचे थर बनतात, कठीण पण ठिसूळ. पत्रा दुमडला की बाहेरची बाजू ताणली जाते. पोलाद ताण सोसतं, थर तडकतात, जाड असले तर पोपडेच सुटतात. तडा गेला म्हणून काय बिघडलं, जस्त स्वतः झिजून उघडं लोखंड वाचवतंच की, असा आक्षेप येईल. केसाएवढ्या भेगेपुरता तो रास्त आहे. पोपडा निघालेल्या रुंद जागी नाही.

खरं वळण १९३० च्या दशकातलं. पोलंडच्या ताडेउश सेंजिमिर यांनी पत्र्याची सलग पट्टी जस्तातून नेण्याची पद्धत रुजवली. अशा कुंडात ०.२ टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम घालतात. ते लोखंडाच्या पृष्ठावर आधी पातळ पापुद्रा धरतं आणि ठिसूळ थरांची वाढ रोखतं. तरी फार तीव्र घडीत निव्वळ जस्तही तडकतं, त्यामुळे विजेच्या मनोऱ्यांचे भाग आजही आधी कापून, वाकवून, भोकं पाडून मगच बुडवतात.