लेपर्ड गेकोची घरगुती पेटी (वालीव परिसर)

लेपर्ड गेको या पाळीव पालीसाठी सुताराकडून किंवा फॅब्रिकेशनच्या गाळ्यातून बनवून घेतलेली पेटी. प्राण्याचे शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. एडवर्ड ब्लिथ यांनी 1854 मध्ये या जातीचे वर्णन केले. मूळ वस्ती अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य भागातील कोरड्या, खडकाळ माळांवर आहे. पूर्ण वाढ झालेली पाल 20 ते 25 सेंमी लांब असते व नीट सांभाळल्यास 15 ते 20 वर्षे जगते. भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, हिला हलणाऱ्या पापण्या असतात. बोटांखाली चिकट पट्ट्या नसल्याने ती काचेवर चढू शकत नाही, म्हणून पेटीची उंची गौण आणि तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे ठरते. चरबी शेपटीत साठते. मानेइतकी जाड शेपटी ही चांगल्या तब्येतीची खूण मानतात. या कुळातील पाली विषारी असल्याची समजूत अनेक भागांत आहे व त्यापायी त्या मारल्या जातात. प्रत्यक्षात त्यांना विष नसते.

महाराष्ट्रातील नातलग : युब्लेफॅरिस फस्कस ही पश्चिम भारतातील जात महाराष्ट्रातही आढळते. सातपुड्यातील युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस हिचे वर्णन 2014 मध्ये झीशान मिर्झा, राजेश सानप व सहकाऱ्यांनी केले.

कायदा : रानातली कोणतीही पाल किंवा सरडा पकडून पाळू नये. वालीवच्या पूर्वेला तुंगारेश्वर अभयारण्य (घोषणा 2003) असल्याने ही सूचना येथे विशेष लागू आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील 2022 च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली व ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली. लेपर्ड गेको दुकानात परदेशी प्राणी म्हणून विकला जात असला, तरी ही जात भारताच्या हद्दीतही आढळते. त्यामुळे विक्रेत्याच्या तोंडी हमीवर न विसंबता वन विभागाकडून लेखी खुलासा घ्यावा आणि तो हाती येईपर्यंत प्राणी व पेटी दोन्हींचा खर्च थांबवावा.

हवामान : पाळणाऱ्यांसाठीची बहुतेक पुस्तके युरोप-अमेरिकेतील थंड घरे समोर ठेवून लिहिलेली असतात व त्यांचा मोठा भाग पेटी गरम ठेवण्यावर खर्च होतो. वालीव ज्यात येते त्या वसई तालुक्यात खरी अडचण ओलीची आहे. जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता बहुधा 80 टक्क्यांच्या वर राहते. या पालीला पेटीत साधारण 30 ते 40 टक्के मानवते. कोंदट पेटीत बुरशी धरते, श्वसनाचे विकार होतात, पोटाखालची कातडी सतत ओली राहते. म्हणून येथे पेटी बांधताना पहिला विचार हवा खेळती राहण्याचा करावा लागतो. परदेशी नमुन्याची, वरच्या जाळीखेरीज सर्व बाजूंनी बंद असलेली काचेची टाकी पावसाळ्यात येथे गैरसोयीची ठरते.

बांधणी : मुंबई–अहमदाबाद महामार्गालगतच्या वालीव, सातिवली, गोखिवरे पट्ट्यात औद्योगिक गाळ्यांची दाटी असल्याने प्लाय, ॲल्युमिनियम सेक्शन, काच व जाळी हाताशी मिळतात. एका पालीसाठी 90 × 45 × 45 सेंमी हे माप आज पुरेसे मानले जाते. जुन्या पुस्तकांतील 60 सेंमी लांबीची टाकी पिल्लापुरती धरावी. दोन नर एकत्र ठेवत नाहीत, ते एकमेकांना फाडतात. माद्या एकत्र ठेवण्याबाबत मतभेद आहेत. स्वतंत्र पेटी निर्धोक.

प्लायच्या आठ बाय चार फुटांच्या एका तावातून ही पेटी निघते. 45 सेंमी रुंदीच्या दोन पट्ट्या कापून घ्याव्यात. पहिलीतून तळ, छत व एक बाजू, दुसरीतून पाठ व दुसरी बाजू मिळते, आणि दुसरीतून उरलेल्या तुकड्यात स्टँडची फळी बसते. प्लाय 12 मिमी पुरतो, पण तो पाण्याला टिकणारा, आयएस 710 प्रतीचा घ्यावा. साध्या कमर्शियल प्लायचे थर दुसऱ्या पावसाळ्यात सुटू लागतात. आतून फिकट रंगाची सनमायका लावली की विष्ठा ओल्या फडक्याने पुसून निघते. पुढच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या दुहेरी खाचेत सरकणाऱ्या 5 मिमी काचा बसवतात. कडा घासून घेतलेल्या असाव्यात. समोरून उघडणारी पेटी निवडण्यामागे कारण आहे. वरून येणारा हात या प्राण्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो व तो घाबरून शेपटी टाकतो. शेपटी पुन्हा येते, पण आखूड आणि बुटकी.

झरोके दोन : थंड टोकाच्या बाजूला तळापासून चार बोटे वर एक, आणि गरम टोकाच्या बाजूला छतालगत दुसरा. गरम हवा वरून निघून जाते, खालून ताजी येते. दोन्हींवर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी लावावी. प्लॅस्टिकची मच्छरजाळी रातकिडे कुरतडतात. पावसाळ्यात वरच्या झरोक्यावर 12 व्होल्टचा संगणकातला छोटा पंखा हवा बाहेर फेकेल असा लावल्यास आर्द्रता खोलीतल्या पातळीपर्यंत तरी उतरते. त्याखाली न्यायची तर खोलीत डीह्युमिडिफायर किंवा एसी लागतो. सांध्यांना मत्स्यटाकीचे सिलिकॉन वापरावे, बाथरूमचे बुरशीरोधक नको. व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्याखेरीज प्राणी आत सोडू नये.

पेटी जमिनीवर ठेवू नये. सखल भागात पाणी शिरते, आणि कोरड्या दिवसांतही लाल मुंग्या चढतात. मुंग्यांनी झोपलेली पाल चावून मारल्याचे प्रकार होतात. जुन्या घरांतल्या दूध-तुपाच्या जाळीच्या कपाटाप्रमाणे स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणे हा उपाय अजूनही सर्वांत भरवशाचा आहे.

उष्णता : गरम टोकाच्या पृष्ठभागावर 32 ते 34 अंश, थंड टोकाला 24 ते 27 अंश सेल्सिअस. प्लायच्या तळाखाली हीट मॅट लावणे व्यर्थ, कारण लाकूड उष्णता अडवते. मॅट आत ठेवून वर शहाबादी फरशीचा तुकडा टाकावा, किंवा छताला जाळीच्या पिंजऱ्यात सिरॅमिक हीटर बसवावा. दोन्हींना थर्मोस्टॅट अनिवार्य. त्याचा सेन्सर फरशीच्या वर, प्राणी बसतो त्या जागी चिकटवावा. एप्रिल-मे महिन्यांत दिवसा खोलीच 32 अंशांपुढे जाते व हीटर बहुतेक वेळ बंदच राहतो. अशा वेळी थंड टोक टिकवणे हे काम उरते. वाळ्याचे पडदे किंवा कूलर येथील दमट हवेत फारसे उपयोगी पडत नाहीत. भर दुपारी वीज गेल्यास पेटी खालच्या मजल्यावर किंवा उत्तरेच्या खोलीत हलवणे बरे.

जमीन व आडोसे : तळाला शहाबादी किंवा खरबरीत टाइल, पिल्लांसाठी कागदी टॉवेल. सुटी रेती व बाजारातली कॅल्शियमची रंगीत रेती भक्ष्यासोबत पोटात जाऊन आतडे तुंबते. आडोसे तीन लागतात : गरम, थंड आणि ओलसर. पहिल्या दोन्हींना गावठी नळीचे कौल पुरते. ओलसर आडोसा म्हणजे झाकणाला भोक पाडलेला डबा, आत ओलवून पिळलेला कोकोपीट. कात टाकताना तो लागतोच, भर पावसाळ्यातही. बोटांवर कातेचे कडे राहिल्यास रक्तपुरवठा तुटून बोट गळते.

कीटकनाशके : डासांची कॉइल, द्रव यंत्रे, झुरळांचा खडू व धूरफवारणीतील पायरेथ्रॉइड द्रव्ये सरपटणाऱ्या प्राण्यांना घातक आहेत. गल्लीत धूरफवारणीची गाडी आली की खिडक्या बंद कराव्यात, पंखा थांबवावा व झरोक्यांवर ओले फडके टाकावे. घरात पकडलेले झुरळ याच कारणाने खाऊ घालू नये.

आहार : जिवंत रातकिडे व मीलवर्म, कॅल्शियमची पूड लावून. उरलेले रातकिडे आत ठेवू नयेत, ते झोपलेल्या पालीला चावतात.

स्वच्छता : साल्मोनेलाचा धोका असल्याने हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत; पेटीतील भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नयेत.

प्रजनन : पिल्लाचे लिंग अंडी उबवण्याच्या तापमानावर ठरते.