१९५८ साल, मेडिकल आणि पेशीचं दार

नंदनवनातून मेडिकल फार लांब नाही. विदर्भात सिकलसेल इतका ओळखीचा, की त्याची इथली नोंद कधी झाली हा प्रश्न कुणाला पडतच नाही. भारतातली पहिली नोंद १९५२ची, निलगिरीतली. आपल्या भागाबद्दल शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. छोटासाच पेपर आहे, पण मिळवून वाचाच.

त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये ग्यॉर्गी गार्डोश लाल पेशींवर काम करत होता. सिकलसेलशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याला दिसलं ते असं: ऊर्जा संपलेल्या पेशीत कॅल्शियम शिरलं की पोटॅशियम भराभर बाहेर पडतं. म्हणजे पेशीपटल ही नुसती गाळणी नाही. त्यात एक दार आहे आणि ते कॅल्शियमने उघडतं.

आता हे दोन धागे जोडा. ऑक्सिजन कमी झाला की सिकल हिमोग्लोबिनच्या दोऱ्या तयार होतात, पेशी वाकडी होते, पटल गळायला लागतं. कॅल्शियम आत येतं, गार्डोशचं दार उघडतं, पोटॅशियम जातं आणि त्यामागोमाग पाणी. पेशी आक्रसली की आतलं हिमोग्लोबिन दाट होतं, मग दोऱ्या आणखी लवकर बनतात. नागपूरच्या उन्हाळ्यात डॉक्टर "पाणी भरपूर प्या" म्हणतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

गंमत म्हणजे सिकल पेशी पोटॅशियम गमावतात हे टोस्टेसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं! पण १९४९ मध्ये पॉलिंगने याला 'रेणूचा आजार' म्हटलं, पुढे इनग्रॅमने एकच अमिनो आम्ल बदललेलं दाखवलं, आणि सगळ्यांच्या नजरा हिमोग्लोबिनवर खिळल्या. माझ्या मते पटल बराच काळ मागे पडलं ते यामुळेच. आपली पाठ्यपुस्तकं अजूनही तिथेच थांबतात.

गार्डोशचं दार बंद करणारं औषधही बनलं, सेनिकॅपॉक. मोठ्या चाचणीत रुग्णांचं हिमोग्लोबिन वाढलं, पेशी फुटणं कमी झालं. पण वेदनेचे झटके काही कमी झाले नाहीत, आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. तिचे निकाल २०११ मध्ये छापून आले. विषय शोधत असाल तर हा पेपर आधी वाचा. पेशीतलं पाणी टिकलं, तरी दुखणं का थांबलं नाही? सिकल पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, आणि चिकटतं ते पुन्हा पटलच.