शिरीष आला की शिरीष आली? दोघांना चालणाऱ्या नावांची गोष्ट

आजचा भाग बाळाच्या नावाबद्दल. 'मुलगा असो की मुलगी, दोघांना चालेल असं नाव सुचवा ना' हे वाक्य हल्ली गिरगावपासून लालबागपर्यंत, बाळाची वाट बघणाऱ्या घरांत ऐकू येतं. आणि लगेच कोपऱ्यातून एखादी आजी म्हणते, 'ही काय नवीन थेरं!'

आजीची माफी मागून सांगतो, थेरं असतील, पण नवीन नाहीत.

आधी एक साधी गोष्ट. जन्माआधी मुलगा की मुलगी हे आपल्याला कळत नाही, कारण ते शोधायला कायद्याने बंदी आहे. देशाचा कायदा १९९४ चा, पण महाराष्ट्राने १९८८ मध्येच स्वतःचा कायदा केला होता, देशात सगळ्यात आधी. त्यामुळे ज्यांना नाव आधी ठरवायचंय त्यांनी एक तर दोन याद्या करायच्या किंवा एकच नाव असं शोधायचं, जे कुणालाही बसेल.

आता असं नाव मराठीत कुठून आणायचं? जुन्या नावांकडे नीट बघा. काशीनाथ आणि काशीबाई. द्वारकानाथ आणि द्वारकाबाई. गंगाराम आणि गंगाबाई. मूळ नाव एकच. पुरुष की बाई हे शेपटीवरून कळायचं. राव, पंत, नाथ, राम लागलं की पुरुष आणि बाई लागलं की बाई. परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षं राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचंच घ्या. आईचं नाव भीमाबाई, मुलाचं नाव भीमराव. एकाच घरात, जवळजवळ एकच नाव.

मग पुढे काय झालं, तर शेपट्या गळाल्या. शहरात, शाळेत, ऑफिसात 'राव' आणि 'बाई' जुनाट वाटायला लागले. शेपटी गेली तशी सगळी जबाबदारी नावावर आली, आणि काही नावांनी ती घ्यायला सरळ नकार दिला! माणिक वर्मा आठवतात? भावगीतांच्या, शास्त्रीय संगीताच्या मोठ्या गायिका. त्यांचं माहेरचं आडनाव दादरकर, आपल्या दादरचंच. आणि माणिक गोडघाटे कोण? कवी ग्रेस. एक बाई, एक पुरुष, नाव तेच. तसंच शिरीष. आचार्य अत्र्यांनी १९२९ मध्ये जन्मलेल्या मुलीचं नाव शिरीष ठेवलं, एका झाडाचं नाव. त्याच शिरीष पै, मराठीत हायकू आणणाऱ्या कवयित्री. आणि शिरीष कणेकर हे क्रिकेट आणि सिनेमावर लिहिणारे, स्टेजवर एकट्याने तासन्‌तास हसवणारे. परळमध्ये कर्करोगावर संशोधन करणाऱ्या डॉ. कमल रणदिवे बाई, आणि तिकडे चेन्नईत कमल हासन पुरुष. म्हणजे नाव कुणाचं हे गावावरही ठरतं.

पण खरी गंमत व्याकरणात आहे. इंग्रजीत एखाद्याचं नाव टेलर किंवा जॉर्डन असेल, तर पानभर पत्र वाचूनही लिहिणारा पुरुष की बाई हे कळत नाही. मराठीत हे गुपित पहिल्या क्रियापदाला फुटतं. 'शिरीष आला' की 'शिरीष आली', काहीतरी एक म्हणावंच लागतं. स्वतःबद्दल बोलतानाही 'मी गेलो' की 'मी गेले'. सुटकेच्या दोन जागा सांगतो. एक, 'बाळ' हा शब्द. ते बाळ, नपुंसकलिंगी. आणि दुसरी, भविष्यकाळ! 'तो येईल', 'ती येईल'. क्रियापद तेच.

बरं, मग आडनावासारखी नावं? इंग्रजीत आडनावं पहिल्या जागी बसली, आणि आपल्याकडेही काहींना तसं ठसठशीत नाव हवं असतं. गिरगावात हा खेळ जुना आहे. गिरगाव-ठाकूरद्वारच्या जुन्या रहिवाशांतले पाठारे प्रभू. त्यांची आडनावं बघा: अजिंक्य, धुरंधर, धैर्यवान, सेनजित. ऐकताना मुलांची नावंच वाटतात ना? आज अजिंक्य म्हटलं की रहाणे आठवतो. उलटंही आहे. चिराबाजारचे शिवकर बापूजी तळपदे. त्यांचं विमान उडालं की नाही यावर भांडणं आहेत, ती आज नको. पण त्यांचं 'शिवकर' हे आडनाव नाही, पहिलं नाव आहे. दिनकर, प्रभाकरमधला 'कर' म्हणजे करणारा. दादरकर, गिरगावकरमधला 'कर' म्हणजे त्या गावचा. आणि गिरगावचे नाना शंकरशेट? त्यांचं आडनाव मुरकुटे. वडिलांचं नाव शंकरशेट, तेच लोकांच्या तोंडी आडनाव होऊन बसलं.

आडनावाचा फायदा असा की त्यावरून मुलगा-मुलगी कळत नाही. तिथेही आपण पाटलीण, जोशीण, कुलकर्णीण करून ठेवलंच होतं म्हणा. पण आडनाव दुसरं काहीतरी फार लवकर सांगतं: जात. आंबेडकरांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ. शाळेत लागलं ते गावावरून, आंबडवे गावाचं. नाव आडनावासारखं ठेवायचं असेल, तर ऐकणारा त्यातून काय काय हुडकेल याचा विचार आधी करा. मला स्वतःला झाडाचं, नदीचं नाव जास्त आवडतं. निदान कुणी 'म्हणजे तुम्ही कोण?' विचारत नाही.

आता थोडं जड बोलू. पूर्वी मुलं जगत नसत, तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू अशी नावं ठेवत. ती मुलांनाही चालत आणि मुलींनाही: महर्षी धोंडो केशव कर्वे, गायिका धोंडूताई कुलकर्णी. त्या नावाचा अर्थ होता, हे मूल राहू दे. पण 'नकोशी' हे नाव फक्त मुलीचंच असतं. 'नकोसा' नावाचा मुलगा कुणी पाहिलाय? २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. शाळेच्या हजेरीत रोज ते नाव ऐकून 'हजर' म्हणणाऱ्या मुली. दोघांना चालणारं नाव म्हणजे फॅशन, असं म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगतो.

कामाचं थोडं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर क्रम असा: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. म्हणजे 'किरण' मुलगा की मुलगी हे कळलं नाही, तरी आई कोण ते लगेच कळतं. इंग्रजी स्पेलिंग मात्र जपून. सई आणि साई तिथे एकसारखे दिसतात, आर्य आणि आर्याही. नाव देवनागरीत लिहून, गॅलरीतून खाली हाक मारतो तशी हाक मारून बघा.

आणि घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव पुढच्या बारा महिन्यांत विनाशुल्क घालता येतं. बारशाला आत्या कानात सांगेल ते सांगेल. तोवर 'ते बाळ' आहेच.

तुमच्या घरात एखादी शिरीष मावशी किंवा माणिक काका असतील, तर आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!